आवडत्या ग्रंथांची यादी आणि जपानी चित्रकथा

एखाद्या ग्रंथाची शिफारस करणे हे टीकेचेच एक अंग आहे, याचा आपणांस पुष्कळदा विसर पडतो. परीक्षण लिहिताना आपण कसोट्या लावतो, प्रमाणे देतो, गुणदोषांची वाटणी करतो. परंतु कोणी विद्यार्थी ‘काय वाचू?’ असे विचारतो तेव्हा दोन नावे सांगून मोकळे होतो. वस्तुतः टीकाकाराची खरी परीक्षा याच प्रश्नाने होते. परीक्षण चुकले तर लेखक रागावतो. शिफारस चुकली तर वाचक गमावतो.

हा विचार आमच्या मनात येण्यास एक लहानसे निमित्त घडले. इंदुरातील आमच्या परिचयाच्या एका मराठी वाचनालयाने सभासदांकडून त्यांना प्रिय असलेल्या, आयुष्यात काही देऊन गेलेल्या ग्रंथांची नावे मागविली. वडीलधाऱ्यांकडून ‘श्यामची आई’, ‘मृत्युंजय’, ‘बटाट्याची चाळ’ अशी अपेक्षित नावे आली. परंतु सभासदांच्या मुलानातवंडांनी जी नावे लिहिली, त्यांत ‘नारुतो’, ‘वन पीस’ या जपानी चित्रकथामालांचा भरणा होता. यादी छापण्याची वेळ आली तेव्हा वाद उपस्थित झाला. ही नावे साहित्याच्या यादीत घ्यावयाची की नाही? एका पक्षाचे म्हणणे असे की, चित्रांची पुस्तके म्हणजे वाचन नव्हे. दुसरा पक्ष म्हणाला, मुले काहीतरी वाचतात हेच पुष्कळ, नावे छापून टाका. आम्हांस या दोन्ही पक्षांत एकच उणीव दिसली. पहिल्याने न वाचता नाकारले, दुसऱ्याने न वाचताच स्वीकारले.

माळव्यातील मराठी घरांत हा प्रश्न केवळ रुचीचा नाही. येथील मूल शाळेत हिंदी व इंग्रजी शिकते. मराठी त्याच्या कानावर पडते ती घरात, सणावारी आणि आजीच्या तोंडून. जपानी चित्रकथा ते बहुधा इंग्रजीतून वाचते. ज्या वाचनालयात त्याच्या आवडीला जागा नाही, तेथे ते मराठी ग्रंथाकरिता तरी पुन्हा कशास येईल? म्हणून या चित्रकथांकडे अध्यापकांनी एकदा गंभीरपणे पाहावे, अशी आमची विनंती आहे.

जपानीत या प्रकारास ‘मांगा’ म्हणतात. होकुसाई या चित्रकाराने १८१४ पासून आपल्या रेखाटनांचे जे संग्रह प्रसिद्ध केले त्यांच्या नावात हा शब्द होता. आज तो चौकटींतून सांगितलेल्या कथेस रूढ झाला आहे. पुस्तक उजवीकडून डावीकडे उलगडते. बहुतेक कथा प्रथम नियतकालिकांतून क्रमशः येतात आणि मग त्यांचे खंड निघतात. ‘नारुतो’ १९९९ ते २०१४ या काळात चालली व तिचे ७२ खंड झाले. एवढ्या विस्ताराला कलादृष्ट्या नेहमीच कारण असते असे नाही. वाचकांचा कौल घेऊन मालिका लांबविणे वा आवरणे हा त्या व्यवसायाचा परिपाठ आहे, आणि त्याच्या खुणा कथेच्या अंगावर दिसतात. परंतु क्रमशः प्रसिद्धी हाच दोष मानावयाचा तर ह. ना. आपट्यांच्या ‘करमणुकी’तील कादंबऱ्यांचे काय करणार?

चित्रकथेवरील मुख्य आक्षेप असा की, चित्र वाचकाच्या कल्पनेस पंगू करते. शब्दाने सुचविलेली आकृती वाचकाने मनात घडवावयाची, ते काम येथे चित्रकारच करून टाकतो. आक्षेप वरवर सयुक्तिक आहे. पण चांगल्या चित्रकथेचे मर्म चौकटीत नसून दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत असते. एका चौकटीत उचललेला हात, दुसरीत रिकामे दार. मधले सारे वाचकाने पुरवावयाचे. आनंदवर्धनाने ज्याला ध्वनी म्हटले त्याचे स्थान या कोऱ्या पट्टीत शोधावे लागते. आणि चित्रावरून कथा सांगणे आपणांस परके तरी कोठे आहे? सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीचे चित्रकथी एकामागून एक चित्रे पुढे करीत रामायण-महाभारतातील आख्याने गात आले आहेत. त्यांच्या पोथीचे एक पान उलटून दुसरे समोर येईपर्यंतचा क्षण श्रोत्यांचा असतो.

आता प्रत्यक्ष ग्रंथांकडे वळू. आमच्या यादीत आम्ही प्रथम ओसामु तेझुका यांची ‘बुद्ध’ ही माला घालू. ती १९७२ ते १९८३ या काळात प्रसिद्ध झाली. विषय आपल्याच भूमीचा असल्यामुळे तिची पारख करण्यास आपण अधिक समर्थ आहो. तिच्या आरंभी शशजातकाची कथा येते. अतिथीस देण्याजोगे काही न मिळालेला ससा अग्नीत उडी घेतो, हे तेझुका मुख्यतः चित्रांच्या बळावर दाखवितात, आणि दानाचा अर्थ उपदेशावाचून मनात उतरतो. पुढे सिद्धार्थाच्या चरित्राला हात घालण्यापूर्वीच ते चापरा नावाच्या एका दासीपुत्राची कल्पित कथा उभी करतात. जन्म लपवून तो सेनापतीच्या घरी पुत्र म्हणून वाढतो. आई प्रकट होते, जन्म उघड होतो, आणि दोघेही प्राणास मुकतात. जातिभेदाने माणसाचे काय होते हे आधी दाखवावयाचे आणि मग बुद्धास जन्मास आणावयाचे, ही योजना सामान्य प्रतिभेची नव्हे.

या मालेच्या शेजारी धर्मानंद कोसंबी यांचा ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ ठेवावा. कोसंबींनी पाली साधनांच्या आधारे चरित्रावरील अद्भुताची पुटे दूर केली. रोगी, वृद्ध, प्रेत आणि संन्यासी यांच्या दर्शनाने वैराग्य आले, ही प्रसिद्ध आख्यायिका त्यांनी स्वीकारली नाही. त्यांनी शाक्य-कोलियांच्या कलहाकडे आपले लक्ष वेधले. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या डॉ. आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही गृहत्यागाच्या मुळाशी रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आहे. डॉ. आंबेडकरांचा जन्म इंदुराजवळील महू येथे १८९१ साली झाला, हे इंदूरच्या वाचकास सांगावयास नको. तेझुका यांचा मार्ग या दोघांहून निराळा. ते अद्भुत टाळीत नाहीत. त्यांचा तत्त नावाचा मुलगा प्राण्यांच्या देहात शिरू शकतो. पात्रे मधूनच आजच्या काळातील गोष्टी बोलतात, स्वतः लेखक चौकटीत डोकावतो. हा विनोद कित्येक ठिकाणी रसभंग करतो, आणि इतिहास म्हणून हे पुस्तक कोणाच्या हाती देता येणार नाही. परंतु मनुष्यास जन्मावरून हीन मानणे हे दुःखाचे एक मूळ आहे, हा जो धागा आंबेडकरांच्या ग्रंथात तर्काने विणला आहे, तोच तेझुकांनी कथेने विणला आहे. जो विद्यार्थी चापराच्या आईकरिता रडला, तो कोसंबींकडे जिज्ञासेने जाईल. न गेला, तर त्याला तिकडे नेणे हे अध्यापकाचे काम.

दुसरे पुस्तक अधिक कठीण आहे. केइजी नाकाझावा यांची ‘अनवाणी गेन’ या अर्थाच्या नावाची माला १९७३ पासून प्रसिद्ध होऊ लागली व १९८७ पर्यंत, मध्ये खंड पडत, चालली. तिचे १० खंड आहेत. तोमोको किकुची यांनी ती हिंदीत आणली, म्हणून इंदुरातील मुलास ती सहज वाचता येईल. हिरोशिमावर बाँब पडला तेव्हा लेखक सहा वर्षांचा होता. घराखाली अडकलेले वडील, बहीण व भाऊ जळून गेले. त्याच दिवशी आई रस्त्यावर प्रसूत झाली. १९६६ साली आई वारली. तिच्या दहनानंतर राखेत अस्थीही उरल्या नाहीत, हे पाहून या विषयावर लिहावयाचे, असा निश्चय नाकाझावांनी केला.

या मालेत बीभत्स रस आहे आणि तो सौम्य केलेला नाही. मुलांच्या हाती ती द्यावी की नाही, हा वाद जपानातही झाला आहे. मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने २०१२ च्या डिसेंबरात शाळांच्या ग्रंथालयांतून ती मुक्तपणे मिळू नये असे सुचविले. प्रखर टीका झाल्यावर २०१३ च्या ऑगस्टमध्ये तो निर्बंध मागे घेण्यात आला. आमचे मत असे की, येथील बीभत्स करुणाच्या सेवेस आहे, आणि म्हणून तो क्षम्य आहे. मात्र उत्तरार्धात मारामारीचे प्रसंग वारंवार येऊन त्याची धार बोथट होते, हेही सांगितले पाहिजे. दहा वर्षांच्या मुलास ती एकट्याने वाचावयास आम्ही देणार नाही. चौदाव्या वर्षी द्यावी, आणि स्वतः वाचून द्यावी.

तिच्या शेजारी आम्ही ‘श्यामची आई’ ठेवतो. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेला हा ग्रंथ आपल्यापैकी बहुतेकांस इतका निकटचा आहे की, त्याची शिफारस करताना आपण कारण देण्याचे कष्ट घेत नाही. म्हणूनच आजच्या मुलास तो उपदेशाचा वाटतो. गेनच्या संगतीत तो पुन्हा वाचावा. दोन्हीकडे दारिद्र्य आहे, आई आहे, आणि मुलाने ताठ मानेने जगावे अशी तिची तळमळ आहे. श्यामची आई पोहावयास भिणाऱ्या मुलास मारून विहिरीवर पाठविते. गेनचे वडील पायदळी तुडविल्यावर अधिक जोमाने वाढणाऱ्या गव्हाचा दाखला मुलांना देतात. भेद आहे तो असा: श्यामच्या घरावर कर्जाचा डोंगर आहे, पण भोवतालची नीती उभी आहे; त्या नीतीला स्मरून आई मुलास घडविते. गेनच्या भोवती सारे शहरच उरलेले नाही, आणि नीती नव्याने, भुकेल्या पोटी, उभारावयाची आहे. साने गुरुजींच्या करुणेत क्षमा आहे, नाकाझावांच्या करुणेत क्रोध आहे. वाढत्या मुलास दोन्हींची ओळख हवी. केवळ क्षमा शिकलेला मनुष्य अन्याय सोसत राहतो. केवळ क्रोध शिकलेला दुसरा अन्याय करतो.

चेतना सरदेशमुख गोसावी यांनी मराठीत आणलेले ‘तोत्तोचान’ आपल्या अध्यापकांनी फार प्रेमाने वाचले. त्या पुस्तकातील आदर्श शाळा शेवटी १९४५ च्या बाँबवर्षावात जळते, हे त्यांना आठवत असेल. गेनची कथा त्याच युद्धाची, त्याच वर्षाची आहे. पहिले पुस्तक आपण हृदयाशी धरले आणि दुसऱ्याकडे केवळ चौकटी पाहून पाठ फिरविली, तर ते न्यायाचे होणार नाही.

तिसरी शिफारस मुलांकरिता नाही, आपणां प्रौढांकरिता आहे. जिरो तानिगुची यांच्या ज्या कथेच्या नावाचा अर्थ ‘दूरचे गाव’ असा होतो, ती १९९८ मध्ये प्रसिद्ध होऊ लागली. ४८ वर्षांचा एक गृहस्थ चुकून आपल्या जन्मगावच्या गाडीत बसतो आणि आईच्या थडग्यापाशी पुन्हा चौदा वर्षांचा होतो. वर्ष तेच, ज्या वर्षी वडील घर सोडून गेले. त्यांना थांबवावे म्हणून तो धडपडतो. थांबविणे त्याच्याने होत नाही; मात्र ते का गेले हे त्याला कळते, आणि आपणही आपल्या घरातून मनाने कधीच निघून गेलो आहो, हेही कळते. येथे एकही आरडाओरडा नाही. घरांची छपरे, रिकामे रस्ते, जेवणाचे ताट इतक्या निगुतीने काढले आहे की, वाचकाचे स्वतःचे गाव त्यात शिरते. आमच्या पिढीत अनेकांचे आजोबा दक्षिणेतून माळव्यात आले आणि मागचे गाव नुसते नावापुरते उरले. त्यांपैकी कोणी हे पुस्तक कोरड्या डोळ्यांनी मिटील असे आम्हांस वाटत नाही.

आता मुलांनी लिहिलेल्या नावांचे काय? ती छापावी, परंतु प्रत्येकाने आपल्या नावापुढे तीन वाक्ये लिहिल्याशिवाय छापू नये, अशी आमची सूचना आहे: या पुस्तकाने मला काय दिले, यात मला काय खटकले, हे वाचल्यावर दुसरे कोणते वाचावे. हाच नियम ‘श्यामची आई’ला लागू व्हावा आणि ‘मृत्युंजय’लाही. मग दिसून येईल की, कित्येक वडीलधाऱ्यांना आपल्या आवडीचे कारण सांगता येत नाही, आणि एखाद्या तेरा वर्षांच्या मुलीस ते स्वच्छ सांगता येते.

चित्र आणि साहित्य यांचे वैर या शहराने कधी मानले नाही. चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे येथलेच. १९३५ साली इंदुरात मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्षस्थानी औंधचे भवानराव पंत प्रतिनिधी होते. ते स्वतः चित्रकार. रामायणावरील त्यांची चित्रमाला ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली होती. कुंचल्याने रामकथा सांगणाऱ्या पुरुषास ज्या शहरात साहित्यिकांनी अग्रपूजेचा मान दिला, त्या शहरातील वाचनालयाने मुलांच्या चित्रकथांना दार लावून घेऊ नये. दार उघडावे, आत आलेल्यास बसवावे, आणि मग इतर कोणत्याही ग्रंथाची घ्यावी तशी त्याची कसून परीक्षा घ्यावी.