पदक्रमाची दुरुस्ती : मराठी 'च' आणि इंग्रजी 'ओन्ली'

मराठी विद्यार्थ्याच्या इंग्रजी लेखनात ज्या चुका तांबड्या शाईने हमखास अधोरेखित होतात, त्यांत पदक्रमाच्या चुकांना एक वेगळेच स्थान आहे. येथे शब्द चुकलेला नसतो, त्याचे रूपही चुकलेले नसते; केवळ त्याची जागा चुकलेली असते. त्यामुळे बाण काढून तो शब्द इकडून उचलून तिकडे ठेवला की दुरुस्ती झाली, अशी समजूत रूढ आहे. चुकीचे निदानही ठरलेले असते : मातृभाषेचा प्रभाव. हे निदान कितपत खरे, आणि ही दुरुस्ती खरोखर दुरुस्ती असते काय, हे दोन्ही प्रश्न तपासून पाहण्याजोगे आहेत.

या दुरुस्तीची परंपरा जुनी आहे. मुंबई इलाख्याच्या सनदी सेवेतील जॉर्ज क्लिफर्ड व्हिटवर्थ यांचा 'इंडियन इंग्लिश' हा ग्रंथ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. हिंदी लोकांच्या इंग्रजी लेखनातील वाक्प्रचाराच्या चुकांचा परामर्श घेणे हा त्याचा शीर्षकातच सांगितलेला हेतू. परंतु त्याचा विषय इंग्रजी आहे. लिहिणाऱ्यांच्या मातृभाषा नव्हेत. उलटपक्षी, ज्या 'तर्खडकर भाषांतर पाठमाले'वर मराठी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या पोसल्या, तिने मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य यांची सांगड घालण्याची सवय लावली. एकीकडे चुकीचा उगम नजरेआड राहिला, तर दुसरीकडे प्रत्येक मराठी शब्दाला इंग्रजीत एक जोडीदार असलाच पाहिजे ही श्रद्धा दृढ झाली. वर्गातील आजची दुरुस्ती या दोन्ही वारशांवर चालते.

मातृभाषेच्या प्रभावाचे निदान जेथे यथार्थ ठरते, ते क्षेत्र प्रथम पाहावे. कल्याण-कसारा मार्गावर शहाड आणि टिटवाळा यांच्या दरम्यान आंबिवली हे स्थानक आहे. 'पुढील स्टेशन' आणि 'नेक्स्ट स्टेशन' यांत पदक्रमाचा काहीच भेद नाही. एकेरी विशेषण दोन्ही भाषांत नामाआधीच येते. परंतु विशेषणाला स्वतःचा परिवार जडला की वाटा फुटतात. 'कसाऱ्याहून आंबिवलीला येणारी गाडी' या पदबंधात गाडी सर्वांत शेवटी येते, तर 'द ट्रेन कमिंग टु आंबिवली फ्रॉम कसारा' यात ती सर्वांच्या पुढे उभी राहते. 'ठाणे जिल्ह्यातील कल्याण तालुक्यातील आंबिवलीची शाळा' असे म्हणताना मराठी वाचक जिल्ह्यातून शाळेकडे येतो. इंग्रजी वाचक शाळेतून निघून जिल्ह्याकडे जातो. (पाकिटावर पत्ता लिहिताना मात्र मराठी माणूसही गावाकडून जिल्ह्याकडेच जातो; टपालखात्याच्या शिस्तीपुढे व्याकरण नमते ते असे.) जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ मध्ये अनेक भाषांच्या तुलनेतून दाखविले की, क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषा बहुधा नामानंतर अव्यय जोडतात, आणि अशा भाषांत षष्ठ्यन्त पद प्रायः नामाआधी येते. मराठीची घडण याच साच्याची आहे. इंग्रजीचा मोठा पदबंध म्हणजे जणू मराठी पदबंधाचे आरशातील प्रतिबिंब होय. हे एकदा उलगडून दाखविले, तर 'कसारा कमिंग ट्रेन' यांसारखे प्रयोग सुधारण्यास बाणांची गरज राहत नाही.

परंतु येथेच एक अडचण उभी राहते. मातृभाषेचा पदक्रमच सर्व चुकांचे मूळ असता, तर मराठी विद्यार्थ्याने 'आय मँगो ईट' असे सर्रास लिहावयास हवे होते. तसे तो लिहीत नाही. कच्चा विद्यार्थीदेखील इंग्रजी क्रियापद कर्माच्या आधी ठेवावयास लवकर शिकतो. तो अडखळतो तो 'व्हॉट यू आर डुइंग?' यासारख्या प्रश्नात. हा क्रम मराठीचा नव्हे. 'तू काय करतो आहेस?' यात 'काय' कर्त्यानंतर येते. प्रश्नवाचक शब्द वाक्याच्या आरंभी नेण्याचा इंग्रजीचा नियम विद्यार्थ्याने येथे पाळला आहे. कर्ता आणि साहाय्यक क्रियापद यांची अदलाबदल तेवढी राहून गेली आहे. एडवर्ड क्लिमा आणि उर्सुला बेलुगी यांनी १९६६ मध्ये इंग्रजी हीच मातृभाषा असलेल्या बालकांच्या भाषेत नेमकी हीच अवस्था नोंदविली. तिचे खापर मराठीवर फोडणे अन्यायाचे आहे. ही अर्धी शिकलेली इंग्रजी होय.

तांबड्या शाईचा परिणाम यापुढे दिसतो. प्रश्नातील अदलाबदल वारंवार बजावल्यावर तोच विद्यार्थी 'ही आस्क्ड मी व्हॉट वॉज आय डुइंग' असे लिहू लागतो. शिकविलेला नियम त्याने नको तेथेही लावला. येथे मराठीचा हात नाही असे नाही; 'तू काय करतो आहेस, असे त्याने विचारले' या रचनेत दुसऱ्याचा प्रश्न जसाच्या तसा वाक्यात बसतो, त्याचे रूप पालटावे लागत नाही. म्हणजे एकाच चुकीत मराठीची सवय आणि शिक्षकाची दुरुस्ती यांचा संयोग झालेला असतो. शिक्षक मात्र दुसऱ्यांदा तोच बाण काढतो, फक्त उलट्या दिशेने.

तथापि खरी परीक्षा होते ती 'ओन्ली'च्या बाबतीत. 'ही स्टेज हिअर ओन्ली' हे वाक्य वहीत आले की 'ओन्ली' उचलून क्रियापदाआधी किंवा 'हिअर'आधी नेण्यात येते, आणि वाक्य शुद्ध झाले असे मानण्यात येते. व्याकरणदृष्ट्या ते शुद्ध झालेही. पण विद्यार्थ्याला काय म्हणावयाचे होते? 'तो इथेच राहतो.' हा मनुष्य लांबचा नव्हे, याच जागेचा, एवढाच त्याचा आशय. 'ही ओन्ली स्टेज हिअर' याचा अर्थ तो येथे राहण्यापलीकडे काही करीत नाही असा होऊ शकतो. 'ही स्टेज ओन्ली हिअर' याचा अर्थ अन्यत्र कोठेही राहत नाही असा होतो. दोन्ही वाक्ये निर्दोष आहेत आणि दोन्ही विद्यार्थ्याची नव्हेत. चूक जागेची नव्हतीच. 'च'चा प्रतिशब्द 'ओन्ली' ही कल्पनाच चूक होती.

'च' ज्या पदाला जडतो त्याला उठाव देतो. तो उठाव कसला, हे पद आणि प्रसंग ठरवितात. 'मी कालच आलो' यात काळ फार झाला नाही ही सूचना आहे, आणि येथे 'ओन्ली यस्टर्डे' चपखल बसते. 'त्यानेच सांगितले' याला इंग्रजी 'इट वॉज ही हू टोल्ड मी' अशी अख्खी रचना उभारते. 'इथेच'साठी 'राइट हिअर' पुरते. 'तू आलेच पाहिजेस' आणि 'मी जाणारच' यांतील आग्रह व निर्धार इंग्रजी बोलणारा केवळ आघाताने व्यक्त करतो. तेथे शब्दाची गरजच नाही. 'तो येताच' यात तर उठावाचा प्रश्न नसून कालाचा आहे. तेथे 'ॲज सून ॲज' हवे. एका अक्षराच्या या अव्ययाला इंग्रजीत कोठे शब्द, कोठे वाक्यरचना, कोठे स्वर असे भिन्न प्रतिनिधी आहेत. बाणाने ते सापडणे शक्य नाही.

शिवाय इंग्रजीतील 'ओन्ली'ची जागा तरी कोठे निश्चित आहे? फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या शब्दप्रयोगकोशात, जेथे अर्थाचा घोटाळा संभवत नाही तेथे क्रियापदाआधीच्या 'ओन्ली'ला हरकत घेणाऱ्या कर्मठांचीच कानउघाडणी केली आहे.

आंबिवलीसारख्या ठिकाणी या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. लगतच्या मोहने येथील नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला. पण औद्योगिक पट्ट्यातील वर्गांत मराठीबरोबर आगरी बोली आणि हिंदीही ऐकू येते. तेथे 'मातृभाषेचा प्रभाव' म्हणताना कोणती मातृभाषा अभिप्रेत आहे? हिंदीचा 'ही', तमिळमधील 'ए' हे 'च'प्रमाणेच पदाला मागून जडतात, आणि म्हणून शेवटी येणारा 'ओन्ली' एकट्या मराठी माणसाचा नव्हे. मरी एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचे प्रतिपादिले आणि १९७४ मध्ये संस्कृत 'अपि' आणि द्राविडी भाषांतील तत्सम प्रत्यय यांच्या साम्याकडे लक्ष वेधले. 'ओन्ली'चा विचार त्या प्रकाशात व्हावयास हवा. जो प्रयोग अनेक भाषा बोलणारे एकमेकांशी करतात आणि परस्परांना बिनचूक समजतो, त्याला बोलण्यात चूक म्हणणे कठीण आहे. औपचारिक लेखनात तो टाळावा हे म्हणणे योग्यच. परंतु त्याचे कारण लेखनाचा संकेत हे आहे, विद्यार्थ्याची विचारशक्ती नव्हे.

महाराष्ट्रात २००० पासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविली जाते. वहीतील बाण त्यामुळे चार वर्षे अलीकडे आला, इतकेच. त्या वयाच्या मुलाने 'हिअर ओन्ली' म्हटले, तर 'ओन्ली' हलविण्याआधी 'मराठीत कसे म्हणशील?' एवढे विचारावे. उत्तर 'इथेच' आले, तर 'ओन्ली' हलवावयाचा नसून काढून टाकावयाचा आहे. आणि उत्तर 'फक्त इथे' आले, तर मात्र तो जागेवर नेणे योग्य ठरेल.