नकाराचे मूळ : ‘किम जी-यंग’च्या निमित्ताने

दक्षिण कोरियातील स्त्रिया लग्न लांबणीवर टाकीत आहेत. कित्येकजणी ते साफ नाकारीत आहेत. २०२३ साली तेथील जननदर एका स्त्रीमागे ०.७२ इतका खाली आला. २०२४ साली तो ०.७५ झाला. राज्यकर्ते याला राष्ट्रावरील संकट म्हणतात आणि भत्ते वाढवितात. चो नाम-जू यांची २०१६ सालची ‘किम जी-यंग, जन्म १९८२’ ही कादंबरी या संकटाचे मूळ कुठे आहे ते दाखविते. म्हणून तिचा विचार आपण केला पाहिजे.

जी-यंग ही कुणी बंडखोर नायिका नव्हे. तिचे नावसुद्धा तिच्या पिढीत सर्रास आढळणारे. तिच्या आईने कारखान्यात राबून भावांची शिक्षणे केली. पुढे तिसऱ्या खेपेसही मुलगीच, हे कळल्यावर गर्भ पाडला. जी-यंग शिकते, नोकरी करते, लग्न करते आणि मूल होताच नोकरी सोडते. मुलीला घेऊन बागेत स्वस्तातली कॉफी पिताना तिला अनोळखी माणसांकडून ‘आई’ला ‘किडा’ जोडून केलेली शिवी ऐकावी लागते.

हा एकटीचा दुर्दैवविलास नव्हे. पुरुषालाच कुटुंबप्रमुख मानणारी ‘होजू’ पद्धत तेथे २००८ पर्यंत कायद्याने चालू होती. कायदा गेला, वृत्ती घरात आणि कचेरीत राहिली. स्त्रीपुरुषांच्या वेतनातील तफावत आजही सुमारे ३० टक्के आहे.

लेखिका कथेला आकडेवारीच्या तळटीपा जोडते. हे साहित्य की अहवाल, असे कुणी विचारील. ‘प्रचारकी’ म्हणून हिणविले गेलेल्या आपल्या साहित्याला हा आक्षेप नवा नाही. ज्यांचे दुःख खोटे ठरविले जाते, त्यांना पुरावा द्यावाच लागतो.

मात्र एक उणीव सांगितली पाहिजे. जी-यंगच्या तोंडून तिची आई बोलते, मृत मैत्रीण बोलते. ती स्वतः बोलत नाही. तिची कहाणी सांगतो एक पुरुष डॉक्टर. आणि तोच अखेरीस, सहकारी स्त्री गरोदरपणामुळे काम सोडते तेव्हा, यापुढे अविवाहित बाईच नेमावी असे ठरवितो. सहानुभूती आणि शोषण एकाच माणसात सुखाने नांदतात, हे लेखिकेने अचूक हेरले आहे. परंतु कारखान्यातल्या आईचे श्रम पार्श्वभूमीपुरते उरतात, आणि ‘मी’ म्हणणारा आवाज कादंबरीत उमटत नाही.

तो आवाज कादंबरीबाहेर उमटला. जी-यंग नकार देत नाही. तिच्यामागून आलेल्या मुली देत आहेत. लग्न, मातृत्व, प्रेमसंबंध, शरीरसंबंध हे चारही नाकारणाऱ्या थोड्या. मुकाट्याने लग्न टाळणाऱ्या पुष्कळ.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना सांगितले होते की लग्नाची घाई करू नका, आणि केलेच तर नवऱ्याची दासी नव्हे, मैत्रीण व बरोबरीची म्हणून उभ्या राहा. बरोबरी मिळणार नसेल तर स्त्रीने त्या घरात पाऊल का टाकावे? कोरियन राज्यकर्त्यांनी भत्त्याचा आकडा ठरविण्याआधी या प्रश्नाचे उत्तर द्यावे. आपल्या घरातही हे उत्तर अजून द्यायचे आहे.