कोयता दिसतो, सही दिसत नाही

नवी ग्रामीण कादंबरी हाती घेतली की आता धडकीच भरते. पहिल्याच पानावर मुडदा, मग नदीतले वाळूचे ट्रॅक्टर, सरपंचाचा वाडा, आमदाराची पांढरी गाडी आणि शेवटी पुन्हा मुडदा. २०१६ला ‘सैराट’ आला, २०१८ला ‘मुळशी पॅटर्न’, आणि गाव लिहिणाऱ्यांच्या हाती कोयता आला. नागराज मंजुळ्यांनी ‘सैराट’च्या शेवटी खून दाखवला नव्हता, सगळा आवाज काढून घेतला होता. आमच्या लेखकांनी नेमकं तेवढंच सोडलं आणि बाकीचं उचललं. वाराचं वर्णन दोन-दोन पानं चालतं. वार करणारा तसा का झाला, याचं उत्तर मात्र एका ओळीत मिळतं: परिस्थिती. मला राग आहे तो या एका ओळीचा.

मी हे मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढे इथं बसून लिहितो आहे. गावात पोलीस ठाणं आहे, मारामाऱ्या होतात, कोर्टकचेऱ्याही होतात. पण इथल्या माणसाची सत्तेशी रोजची गाठ पडते ती बँकेत, तलाठ्याच्या टेबलापुढे आणि कृषी केंद्राच्या उधारीच्या वहीत. पैसेवारीच घ्या, पीक किती आलं हे ठरवणारा तो सरकारी आकडा. नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशी ती लागते, आणि ५० पैशांच्या वर गेली की सवलतींची आशा संपली. शेतात कपाशीची बोंडं काळी पडलेली असोत, सोयाबीनच्या शेंगांना उभ्या झाडावर कोंब फुटलेले असोत, आकडा वरचा असला की पीक चांगलं. त्या आकड्याखाली कुणाची तरी सही असते. सही करणाऱ्यालाही घर असतं, पोरं असतात, आणि सही करायच्या आधीचा एक क्षण त्याच्याही वाट्याला येतो. त्या क्षणाची कादंबरी कुठे आहे?

अरुण साधूंचं ‘सिंहासन’ १९७७चं. मंत्रालयातल्या सत्तेवर त्यानंतर जे लिहिलं गेलं, ते बहुतेक त्याच खुर्चीभोवती फिरतं. प्रवीण बांदेकरांची ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ मोठ्या तळमळीची कादंबरी आहे, पण दोऱ्या कुणाच्या हातात आहेत हे सांगण्यातच ती दमते. नंदा खरे यांच्या ‘उद्या’मध्ये पाळत आहे, बाजार आहे, माणसाची निवड आधीच ठरवून टाकणारी यंत्रणा आहे. २०२०चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांनी नाकारला तेव्हा मला ती कादंबरी अधिक कळली. कृष्णात खोतांच्या ‘रिंगाण’मध्ये धरणानं उठवलेल्या गावात मागे राहिलेली, रानटी झालेली म्हैस परत आणायला देवाप्पा जातो, आणि म्हैस यायला तयार नसते. विस्थापितांची इतकी पुस्तकं वाचली, पण नकाराचा हक्क इतक्या ताकदीनं एका जनावराच्या अंगात उतरलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. बाबूराव बागुलांच्या १९६३च्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’मध्येही मारहाण आहे. पण ती कथा मारणाऱ्या हातांशी थांबत नाही, त्या हातांना चालवणारी हजारो वर्षांची व्यवस्था ती दाखवते. शिवाय मार खाणारा तिथं स्वतः विचार करतो. आजच्या कोयता-कादंबरीत मार खाणारा फक्त विव्हळतो.

माझ्या लेखी सहीमागच्या या हिंसेवरचं सर्वांत मोलाचं काम आमच्या बुलडाणा जिल्ह्यातच झालं आहे. गाववाल्यांची तरफदारी म्हणून हे लिहीत नाही. रमेश इंगळे उत्रादकरांच्या ‘निशाणी डावा अंगठा’ला मराठी समीक्षेनं ग्रामीण विनोदाच्या फडताळात टाकून दिलं, ही मोठी चूक झाली. साक्षरता अभियान आलं आहे, वरून उद्दिष्ट आलं आहे, आणि जिल्हा परिषदेच्या मास्तरांना निरक्षर शोधायचे आहेत, शिकवायचे आहेत, पास करायचे आहेत. याद्या होतात, तक्ते भरले जातात, वर्ग कागदावर भरतात, आणि मूल्यमापनाच्या दिवशी निरक्षरांच्या नावावर दुसरेच पेपर लिहितात. कुणी कुणावर हात उगारत नाही. तरी पुस्तक मिटताना कळतं की एका अख्ख्या गावाची अक्षरं हिसकावून घेतली गेली, आणि साक्षर झाल्याची नोंद तेवढी ठेवली गेली. याहून मोठी हिंसा कोणती?

मास्तर हे छळलेलेही आहेत आणि छळणारेही आहेत. त्यांच्यावर केंद्रप्रमुख, केंद्रप्रमुखावर गटशिक्षणाधिकारी, त्याच्यावर आणखी कुणी. प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य, वरून आदेश आहे. उत्रादकर त्यांना खलनायक करत नाहीत, पण सोडूनही देत नाहीत. खोटी नोंद करणारा हात त्या मास्तराचाच आहे, हे ते वाचकाला विसरू देत नाहीत. पुढे ‘सर्व प्रश्न अनिवार्य’मध्ये दहावीच्या केंद्रावरची कॉपी त्यांनी याच नजरेनं पाहिली. तिथं तर पालक, पोरं, पर्यवेक्षक सगळेच सामील. सत्ता वरून खाली कोसळत नाही, हातोहात पुढे दिली जाते, आणि प्रत्येक हाताला ती न देण्याची मुभा असते.

सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला २००४चा अकादमी पुरस्कार मिळाला आणि त्या दिवसापासून ती ‘शेतकऱ्यांच्या व्यथेची कादंबरी’ झाली. या शिक्क्यानं तिचं नुकसान केलं. तिचा नायक एकनाथ शिकलेला आहे, नोकरीसाठी शिक्षणसंस्थेला द्यायला लाखो रुपये नाहीत म्हणून शेतात राबतो आहे. ही डोनेशनची हिंसा आहेच. पण कादंबरीचा जीव तेवढ्यात नाही. त्याची बायको अलका या घरात राहायला नकार देते आणि माहेरी निघून जाते. वाचक तिच्यावर चिडतात, मी कॉलेजच्या पोरांना चिडताना पाहिलं आहे. मला वाटतं, त्या घरात परिस्थितीला नमस्कार न करणारी तीच आहे. तिचा निर्णय बरोबर की चूक, हा वेगळा वाद. निर्णय तिचा आहे. उद्धव शेळक्यांच्या १९६०च्या ‘धग’मधली कौतिकही अशीच. दारिद्र्य आणि नाकर्ता नवरा तिला पिळून काढतात, पण घर कसं उभं करायचं हे ती ठरवते, आणि तिची हार ही ठरवणाऱ्या बाईची हार असते.

आता मुद्द्यावर येतो. शेतकरी आत्महत्येवर आपल्याकडे जे कथा-कादंबरीलेखन झालं, त्यातलं बहुतेक मला अमानुष वाटतं. पाऊस नाही, कर्ज आहे, सावकार आहे, मुलीचं लग्न आहे, म्हणून फास. गणिताचं उत्तर यावं तसा माणूस मरतो. त्याच शिवारात, तेवढंच कर्ज डोक्यावर असलेला शेजारी दुसऱ्या दिवशी औत जुंपतो, त्याच्याबद्दल अवाक्षर नाही. मेलेल्याच्या बायकोला सरकारी मदतीसाठी नवऱ्याची आत्महत्या ‘पात्र’ ठरवून घ्यायला टेबलाटेबलापुढे उभं राहावं लागतं. ती तिथं काय बोलते, काय बोलायचं टाळते, कुणाला खडसावते, यावर तर कोणी दोन पानंही खर्चत नाही.

हे म्हटलं की मित्र खवळतात. तुम्ही दोष पीडितावर ढकलता, व्यवस्थेला सोडता, असं म्हणतात. अगदी उलट आहे. व्यवस्थेला सोडतो तो ‘परिस्थिती’ म्हणणारा लेखक. परिस्थितीला नाव नसतं, पदनाम नसतं, सही नसते. निवड करण्याची ताकद मी शेतकऱ्याला देतो तेव्हा तीच ताकद मला तलाठ्याला, शाखा व्यवस्थापकाला, संस्थाचालकाला, जिनिंगच्या मालकालाही द्यावी लागते. मग ‘वरून आदेश आहे’ ही त्यांची सबब चालत नाही. शेतकऱ्याची निवड कमी, महाग, कधी जिवावर बेतणारी. टेबलामागच्या माणसाची जास्त आणि स्वस्त. हा फरक लिहिणं हेच कादंबरीकाराचं काम आहे. आजच्या कादंबरीत मात्र गरिबाला इच्छाच नाही, आणि सगळी इच्छा एकट्या गुंड सरपंचाला देऊन टाकली आहे. त्याला शेवटी मारलं की वाचकाचा हिशेब पुरा होतो आणि पैसेवारी लावणारा, नोंद करणारा, डोनेशन मोजून घेणारा असे सगळे कादंबरीबाहेर सुखरूप राहतात.