सर्कशीने सांभाळलेलं गाणं

दुकान, दवाखाना नाहीतर कंपनी सांभाळून रविवारी पेटी-तबला घेऊन बसणारी मंडळी आपल्या मंडळात बरीच आहेत. परक्या मुलखात आपलं गाणं टिकलंय ते त्यांच्यामुळे. त्यांना पाहिलं की मला विष्णुपंत छत्रे आठवतात.

मी जतचा. आमच्याकडे माळरान आणि पावसाची वाट पाहणं. छत्र्यांचं अंकलखोप त्याच सांगली जिल्ह्यातलं, पण कृष्णाकाठचं. पहिली भारतीय सर्कस काढणारे म्हणून विष्णुपंतांचं नाव पुष्कळांनी ऐकलेलं असतं. ते गायक होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. तरुणपणी त्यांनी ग्वाल्हेर गाठलं ते गाण्याच्या ओढीने. तिथे बाबासाहेब आपट्यांकडे घोडे फिरवायला शिकले आणि हद्दूखाँकडे ख्याल. पुढे चरितार्थ चालला तो घोड्यांवर. १८७९ साली मुंबईत च्यारिनी या इटालियनाची सर्कस त्यांनी पाहिली. हिंदी लोकांना असा खेळ इतक्यात जमणार नाही, हे त्याचं बोलणं त्यांना झोंबलं, असं सांगतात. १८८० साली छत्र्यांची स्वतःची सर्कस उभी राहिली. त्यात त्यांच्या पत्नीही काम करत. तंबू सिलोनपर्यंत, पुढे आग्नेय आशियापर्यंत गेला. केरळातल्या तेलिचेरीत कीलेरी कुन्हिकण्णन यांची गाठ पडली आणि तिकडे सर्कशीची नवी परंपरा सुरू झाली.

मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते वेगळंच. हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ अफूच्या आहारी जाऊन काशीत भणंगासारखे फिरत होते. विष्णुपंतांनी त्यांना ओळखलं आणि सोबत आणलं. गुरूचा मुलगा म्हणजे घरचाच माणूस! त्यांचं खाणंपिणं, कपडे, लहरी, व्यसन, सगळं या सर्कसवाल्याने निभावलं. सर्कशीबरोबर खाँसाहेबही गावोगाव फिरले आणि त्यांचं गाणं लोकांच्या कानी पडलं. भूगंधर्व म्हणून ते नावाजले गेले. विष्णुपंतांच्या मागे त्यांचे भाऊ काशिनाथपंत यांनी खाँसाहेबांना कुरुंदवाडला सांभाळलं. १९२२ साली खाँसाहेब तिथेच वारले. त्याआधी त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या, त्या आजही ऐकायला मिळतात.

त्या गाण्याची मोहिनी मिरजेच्या अब्दुल करीमखाँवर पडली. म्हणजे करीमखाँचे शिष्य सवाई गंधर्व आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी ऐकताना आपल्या कानावर जे येतं, त्यात थोडा वाटा छत्र्यांच्या तिकीटविक्रीचाही आहे. हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. गवयाला रोजचं जेवण, डोक्यावर छप्पर आणि समोर श्रोते मिळाले नाहीत, तर केवढाही मोठा गळा वाया जातो. विष्णुपंतांना स्वतः गाता येत होतं, म्हणूनच काशीतल्या त्या भणंग माणसाची किंमत त्यांना कळली.

आपल्याकडे गाणाऱ्या व्यावसायिकांची उणीव नाही. त्यांना माझी विनंती आहे: वर्षातून एकदा पाहुणा कलाकार बोलावून न थांबता, आपल्या मुलांना नेमाने शिकवणाऱ्या एका गुरूचं वर्षभराचं मानधन तुम्ही मिळून उचला. मंडळाच्या पुढच्या अंदाजपत्रकात हा खर्च सगळ्यात वर लिहिला जावा.