पायांनी पाहिलेली शहरे

दिवाळी अंक आणि प्रवासवर्णन यांचे नाते चकली आणि लोण्याइतके जुने आहे. अंक घरात आला की वडीलधारी माणसे आधी राशिभविष्य उघडतात, मुले व्यंगचित्रे पाहून घेतात, आणि दुपारी फराळानंतर जरा आडवे होऊन जे वाचावयाचे ते कुणाचे तरी लंडन नाहीतर कुणाचे तरी टोकियो. माझ्या वाचनाची सुरुवातही अशीच झाली. परंतु गेल्या दहा-पंधरा वर्षांत या ताटात एक नवा पदार्थ आला आहे. लेखक आता बर्लिन पाहावयास जात नाही, बर्लिनला धावावयास जातो. वर्षातून एक शहर, एक मॅरेथॉन, एक पदक, आणि परत आल्यावर एक लेख. बॉस्टन, लंडन, बर्लिन, शिकागो, न्यूयॉर्क, टोकियो अशी सहा मोठ्या शर्यतींची जणू धामयात्राच झाली होती. २०२५ पासून सिडनी हे सातवे धाम तीत मिळाले. चार धाम करून आलेला मनुष्य गावजेवण घालतो, हे लोक लेख लिहितात. तक्रार लेखाबद्दल नाही. लेखात शहर नसते, ही माझी तक्रार आहे.

ही तक्रार करण्याचा मला थोडा अधिकार आहे, कारण असा एक लेख मीही लिहिला आहे. मी पहाटे धावतो. कादंबरीकाराला बैठक लागते म्हणतात, पण माझ्या बैठकीला सकाळच्या पाच-सहा किलोमीटरांची आधी गरज असते. परगावी गेलो की पिशवीत धोतराच्या पानासारखे बूट गुंडाळलेले असतातच. पुणे, नाशिक, सुरत ही शहरे मी उजाडण्यापूर्वी पायांखालून घातली आहेत. एकदा मुंबईच्या अर्ध्या मॅरेथॉनहून परत आल्यावर उत्साहाच्या भरात लेख लिहिला आणि तो छापूनही आला. परवा जुने कागद चाळताना हाती लागला. काय होते त्यात? सातव्या किलोमीटरला पोटरी धरली, बाराव्याला लिंबू-पाणी मिळाले, अठराव्याला वाटले की आता सोडावे, आणि शेवटी वेळ काय लागली. मुंबई म्हणून जे काही असते ते त्यात कुठेच नव्हते. तोच लेख नंदुरबार-शहादा रस्त्यावर धावूनही लिहिता आला असता, आणि रेल्वेचे भाडे वाचले असते!

वस्तुतः मला त्या दिवशी जे मिळाले होते ते कुठल्याही प्रवासी बसला देता येत नाही. वांद्रे-वरळीचा सागरी सेतू २००९ साली खुला झाला, पण तो मोटारींना. पायी माणसाला त्यावर एरवी मज्जाव आहे. जानेवारीतली ती एक सकाळ अशी असते की सेतूवर फक्त पावले वाजतात. हजारो बुटांचा तो आवाज, खाली पाणी, पाठीमागे राहिलेले वांद्रे, आणि ज्या शहराला माणसाकडे पाहावयास वेळ नाही ते शहर चार तास माणसांच्या पायांसाठी अडवून धरलेले. हे मी पाहिले, ऐकले, आणि लिहिताना पोटरीबद्दल लिहिले. धावणाऱ्या लेखकाचा पहिला दोष हाच. तो बाहेर पडतो आणि स्वतःच्याच शरीरात जाऊन बसतो.

बर्लिनचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथली शर्यत १९७४ साली सुरू झाली. शहर दुभंगलेले होते, म्हणून धावणारे पश्चिम बर्लिनच्या भिंतीआडच धावत. ३० सप्टेंबर १९९० रोजी, दोन्ही जर्मनी एक होण्याच्या अवघे तीन दिवस आधी, पहिल्यांदा ही शर्यत ब्रांडेनबुर्ग दरवाजातून पूर्वेकडे गेली. ज्या कमानीखालून जाण्याच्या प्रयत्नात आदल्या वर्षापर्यंत गोळी लागू शकत होती, तिच्याखालून हजारो लोक अर्ध्या चड्डीत पळाले. आजही शर्यतीचा शेवट त्या दरवाजातून जातो. आपला मराठी धावपटू-लेखक तिथे पोहोचतो तेव्हा काय करतो? मनगटावरचे घड्याळ पाहतो. मी वाचलेल्या अशा लेखांपैकी बहुतेकांत त्या दरवाजाला एकच वाक्य वाट्याला आले आहे, आणि त्यातही अर्धे वाक्य छायाचित्राचे.

या जातीच्या लेखनात जगभर ज्याचे नाव घेतले जाते ते पुस्तक जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी यांचे आहे. २००७ साली ते जपानीत निघाले, पुढल्या वर्षी इंग्रजीत आले. माझे इंग्रजी शाळेपुरतेच, त्यामुळे शब्दकोश शेजारी ठेवून महिनाभर वाचले. पण असे सावकाश वाचण्याचाही एक फायदा असतो. पूर्वी जाझ संगीताचा बार चालविणारा हा गृहस्थ १९८२ मध्ये धावू लागला. पुढच्याच वर्षी तो ग्रीसला गेला आणि भर जुलैच्या उन्हात अथेन्स ते मॅरेथॉन हे अंतर एकटा धावला. दिशा उलटी, कारण अथेन्सच्या सकाळच्या रहदारीत शिरण्यापेक्षा तिच्यातून लवकर बाहेर पडणे बरे. सोबतच्या छायाचित्रकाराला आश्चर्य वाटले की हा खरोखरच सगळे अंतर धावणार आहे. इतर लोक म्हणे चार फोटो काढून गाडीत बसतात!

त्या प्रकरणात ग्रीसचे देवळातले खांब नाहीत. आहे तो महामार्ग, अंगावर मिठाचा थर देणारे ऊन, आणि गाड्यांखाली चिरडलेली कुत्री-मांजरे, जी तो वाटेत मोजत जातो. मला हे फार खरे वाटले. पायी मनुष्याला महामार्ग कसा दिसतो हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने आमच्या भागात उसाच्या हंगामात रस्त्याच्या कडेने पहाटे चालून पाहावे. आणखी एका ठिकाणी तो अमेरिकेतल्या केंब्रिजला नदीकाठी धावत असता कॉलेजच्या तरुण मुली त्याला सहज मागे टाकून जातात. दोन ओळींत ते शहर, त्यातले तारुण्य, त्याची श्रीमंत बेफिकिरी आणि स्वतःचे सरत चाललेले वय, सगळे आले. शहरात आपल्याला कोण मागे टाकते हे धावणाऱ्यालाच कळते. बसमधल्याला नाही.

तरीही मुराकामींविषयी माझी एक अढी राहतेच. त्यांचे धावणे एकट्याचे आहे, निवडलेले आहे आणि सुरक्षित आहे. कुठल्या शहरात जावे, किती महिने राहावे, कुठली शर्यत धरावी, हे सारे त्यांच्या हातात. त्यात वाईट काही नाही. परंतु या पुस्तकाला नमुना मानून आपल्याकडे जे लिहिले जात आहे त्यात असे गृहीतच धरलेले दिसते की धावण्यासाठी दुसऱ्या शहरात जाणे म्हणजे हौस. हे गृहीत आपल्या मातीत टिकत नाही.

जरा मागे पाहा. शहराशहरांतून धावणारा आपल्याकडचा पहिला मनुष्य म्हणजे जासूद, कासीद, हरकारा. पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना पहिल्याने कळली ती सावकाराचे पत्र घेऊन दक्षिणेकडे निघालेल्या अशाच एका कासिदाकडून, असे ग्रँट डफने लिहून ठेवले आहे. त्या पत्रातली मोत्यांची नि मोहरांची सांकेतिक भाषा आपल्याला पाठ आहे. ते घेऊन पळणाऱ्याचे पाय कुणी पाहिले? मॅरेथॉनची मूळ कथा तरी काय आहे? तोही निरोप्याच. हिरॉडोटसने सांगितलेली त्याची धाव अथेन्सहून स्पार्टाला मदत मागावयास जाण्याची होती. विजयाची वार्ता सांगून प्राण सोडण्याची गोष्ट पुढच्या लेखकांनी घातली. निरोप्याने स्वतः मात्र काही लिहिले नाही.

इथे मला आपल्या प्रवासवाङ्मयाचे एक विचित्र लक्षण दिसते. जे लिहीत होते ते धावत नव्हते, आणि जे धावत होते ते लिहीत नव्हते. वरसईहून १८५७ साली निघालेले गोडसे भटजी हे चालणाऱ्यांतले. म्हणूनच १९०७ साली छापलेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये वाटेला वजन आहे, भीतीला धाप आहे. गो. नी. दांडेकर चालले, आणि नर्मदेचा काठ त्यांच्या लेखनात तळव्यांतून आला. पुढे ‘अपूर्वाई’पासून आपण आगगाडीत, बोटीत, विमानात बसलो. पु. लं.नी बसल्या जागेवरून जे दिसते ते इतके हसत दाखविले की पायांची उणीव कुणाला भासलीच नाही. पण त्यांच्यानंतर बसणारे पुष्कळ झाले आणि पाहणारे थोडे. नर्मदा परिक्रमेच्या वर्णनांविषयी एक घरचे गाऱ्हाणेही सांगून टाकतो. शूलपाणीची झाडी ही दक्षिण तीरावर आमच्या जिल्ह्यात येते. त्या वर्णनांतून आमचा सातपुड्यातला मनुष्य बहुधा यात्रेकरूला लुटणारा ‘मामा’ म्हणूनच भेटतो. तोही त्या डोंगरात जन्मभर चालतो, होळीला काठीच्या राजवाडी होळीसाठी रात्रीच्या रात्री डोंगर ओलांडतो, हे यात्रेकरूच्या वहीत क्वचितच उतरले.

बेळगावच्या फडेप्पा दरेप्पा चौगुल्यांचे नाव किती मराठी वाचकांना ठाऊक आहे? पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या पुढाकाराने झालेल्या निवडीतून १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला सहा जण गेले, त्यांतले ते एक. मॅरेथॉन त्या वेळी ४२.७५ किलोमीटरांची होती. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. अँटवर्प हे जर्मनांच्या ताब्यातून सुटून दोन वर्षेही झाली नव्हती असे शहर. मातीच्या वाटांवर वाढलेल्या या मनुष्याने ते गार, युद्धातून नुकते उठलेले, परक्या भाषेचे शहर पावणेतीन तासांवर वेळ पायांखालून घातले. रस्त्यांच्या दगडांनी त्यांचे तळवे कसे बोलले असतील? कडेला उभे राहून त्यांच्याकडे पाहणाऱ्यांचे चेहरे कसे होते? एकोणिसावा क्रमांक आकडेवारीत राहिला. मराठीतले सर्वोत्तम धावते प्रवासवर्णन त्या माणसाच्या अंगात होते, अशी माझी समजूत आहे.

आता आजचे. पहाटे साडेचार-पाचला शहादा, तळोदा, धडगाव, कुठल्याही गावाबाहेरच्या रस्त्यावर उभे राहा. अंधारातून पोरे धावत येताना दिसतील. पोलीस भरतीची तयारी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. या पोरांचा धावण्याचा आणि परगावी जाण्याचा जो संबंध आहे तो मुराकामींना स्वप्नातही पडणार नाही. यांच्यापैकी अनेकांनी जन्मात पहिले मोठे शहर पाहिले ते धावण्यासाठी. आणि त्यांना धावण्याचे प्रेम नाही असे कुणी समजू नये. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरांत कांस्यपदक घेऊन आली, त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडमध्ये रौप्य, आणि २०१६ ला रिओत मॅरेथॉन धावली. पाड्यावरच्या मुलीला पायांनी दिल्ली, चीन आणि ब्राझील दाखविले. ही हौस की गरज, हे वेगळे काढून दाखविणारा समीक्षक मला अजून भेटावयाचा आहे.

माझा एक जुना विद्यार्थी अक्राणी तालुक्यातला. घरची भाषा पावरी. मराठी शाळेत शिकलेले, आणि त्यात ळ आणि ल यांची कायमची अदलाबदल. भरतीसाठी तो मुंबईला जाऊन आला. निवड थोडक्यात हुकली. भेटावयास आला तेव्हा मी वही पुढे केली आणि म्हणालो, काय पाहिलेस ते लिही. तो दीड पान लिहून घेऊन आला. त्यात गेटवे नव्हता, राणीची बाग नव्हती. स्टेशनच्या फलाटावर चादर अंथरून काढलेली रात्र होती. पहाटे सरावाला म्हणून तो फलाटावरून उठून रस्त्यावर धावला, तर सिमेंटचा रस्ता गुडघ्याला लागतो आणि डांबराचा पोटरीला, हे होते. कुठल्या गल्लीत पावाच्या भट्टीचा वास येतो आणि तिथे पाऊल आपोआप कसे मंदावते, हे होते. शहरातली कुत्री धावणाऱ्याच्या मागे लागत नाहीत, त्यांना सवय आहे, आमची लागतात, हेही होते. आणि मग समुद्र. समुद्र पाहून त्याला त्यांचे बुडीत आठवले. सरदार सरोवराच्या पाण्याखाली आमच्या अक्राणी-अक्कलकुवा भागातली तेहतीस गावे गेली; तिकडे त्या पाण्याला बुडीतच म्हणतात. इतके पाणी पाहून त्याच्या मनात पहिल्याने आले ते हे की याच्या खाली कुणाची गावे असतील.

मी तांबडी शाई हातात घेऊन बसलो होतो. ळ आणि ल दुरुस्त केले. ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करू लागलो आणि मध्येच थांबलो. मुंबईवरचा माझा लेख काढून शेजारी ठेवला. माझ्याकडे एकवीस किलोमीटर होते, त्याच्याकडे दीड पान. शहर त्याच्या पानात होते.

ती वही अजून माझ्याकडे आहे. पुढचे पान लिहून दे, दिवाळी अंकाला पाठवू, असे त्याला तीनदा सांगून झाले. तिसऱ्या वेळी तो उंबऱ्याशी बुटांचे बंद बांधत होता. म्हणाला, “सर, आधी पुढली भरती होऊ द्या. वीस सेकंद कमी करायचेत.”