स्वार्थी नायकाचे उत्तरदायित्व

कादंबरीतल्या स्वार्थी नायकाचा वाचक हा साक्षी असतो. संगणकावरील भूमिकाप्रधान खेळात तो कर्ता होतो. या भेदाचे कलात्मक सामर्थ्य पाहायचे तर ब्लॅक आयल स्टुडिओज या अमेरिकन संस्थेचा १९९९ सालचा 'प्लेनस्केप: टॉर्मेंट' हा खेळ विचारात घ्यावा लागतो. ख्रिस अ‍ॅव्हेलोन हे त्याचे प्रमुख रचनाकार.

खेळाचा नायक अनामिक व अमर आहे. तो शवागारात जागा होतो तेव्हा त्याची पूर्वस्मृती पुसलेली असते आणि नैतिक प्रवृत्ती तटस्थ असते. पुढे खेळाडूच्या निवडीप्रमाणे ती पालटत जाते. काही संवादांत तर एकच वाक्य सत्य म्हणून किंवा असत्य म्हणून उच्चारण्याचे दोन पर्याय असतात. शब्द तेच, निराळा असतो तो हेतू. स्वार्थ कृतीत नसून हेतूत वसतो, हे येथे रचनेनेच सांगितले जाते.

या दृष्टीने डीओनाराचे प्रकरण मननीय आहे. नायकाच्या एका पूर्वावताराने तिचे प्रेम केवळ साधन म्हणून वापरले आणि आपल्या कार्यासाठी तिचा मृत्यू घडवून आणला. स्मृती साठविणाऱ्या एका पाषाणातून नायक प्रथम तिची व्याकुळता अनुभवतो. पाठोपाठ आपल्याच त्या पूर्वरूपाचा थंड हिशेबही. क्रौर्याचा आवेश तेथे नाही, आहे ती सोय. इतका वेळ सोय पाहूनच उत्तरे निवडत आलेल्या खेळाडूला ही ओळख अस्वस्थ करते. भारतीय वाचकाला येथे पूर्वसंचित आठवेल. मात्र येथे देह तोच आहे, आणि ज्यांचे देणे थकले तेही समोर उभे आहेत.

रचनेत एक उणीव आहे. सहृदय उत्तरांनाही अनेकदा अनुभवगुण मिळतात. त्यामुळे करुणा ही फायदेशीर गुंतवणूक ठरते आणि धूर्त खेळाडू सज्जन म्हणून गणला जातो. सत्यासत्याचे पर्याय हा दोष काहीसा झाकतात, दूर करीत नाहीत.

तरीही खेळाची नैतिक दृष्टी सवंग नाही. त्याच्या मुख्य समाप्तीत मर्त्यता परत मिळालेला नायक, खेळाडू कितीही सदाचारी असला तरी, अधोलोकातील अखंड युद्धात जातो. पश्चात्तापाने मनुष्य बदलू शकतो, पण केलेले पुसले जात नाही. स्वार्थी भूमिका वठविण्याची मुभा देऊन तिचा हिशेब खेळाडूच्याच हाती ठेवणे, हे या कृतीचे खरे यश होय.