शंकेला रंग नसतो : प्लास्टिकचे प्राचीन सैनिक आणि इतिहासाचे वाचन

टेबलावर मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांसाठी प्लास्टिकचे छोटे सैनिक बनतात. ते जोडण्याचा आणि रंगवण्याचा छंद ब्रिटनमध्ये विशेष रुजला. या वस्तूंकडे खेळणी म्हणून पाहणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. २८ मिलिमीटर उंचीचा रोमन सैनिक रंगवून पूर्ण होतो, तेव्हा रोमन सैन्याविषयीचे एक विधानच पूर्ण झालेले असते. ते विधान कितपत खरे, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

एच. जी. वेल्स यांचे ‘लिटल वॉर्स’ १९१३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा धातूचे खेळण्यातले सैनिक रंगवूनच विकले जात. १९६०च्या दशकात एअरफिक्सने मऊ प्लास्टिकमध्ये रोमन सैनिक आणले. ते एकसंध होते आणि त्यांच्यावर रंग नीट टिकत नसे. आजचे संच कडक पॉलिस्टायरीनचे असतात आणि चौकटीला चिकटलेल्या सुट्या भागांच्या रूपात मिळतात : धड, डोकी, हात, ढाली, भाले. याचे कारण तांत्रिक आहे. दोन अर्ध्यांचा पोलादी साचा सरळ उघडावा लागतो, त्यामुळे आत वळलेला आकार त्यात अडकतो. म्हणून छातीपुढे धरलेली ढाल वेगळी ओतावी लागते. भाग कापायचे, साच्याची रेघ खरवडायची, प्लास्टिक विरघळवून सांधणाऱ्या द्रवाने जोडायचे, अस्तराचा रंग द्यायचा, मग पुढचे. कोणते डोके कोणत्या धडावर, हा निर्णय आता ग्राहकाचा. साच्याच्या मर्यादेने त्याला नकळत इतिहासाचा भाष्यकार केले आहे.

या भाष्यकाराची अडचण मोठी आहे. इतिहासकार ‘बहुधा’ लिहू शकतो, रंगवणाऱ्याला ती सोय नाही. अंगरखा लाल करायचा की पांढुरका, याचे उत्तर कुंचल्याला द्यावेच लागते. आणि पुरावा किती? ट्राजनचा स्तंभ इ. स. ११३चा. त्यावरील ढालींवर वीज आणि पंख कोरलेले दिसतात, पण आज तिथे रंग नाही. ‘नोतितिया दिग्नितातुम’मध्ये ढालींची रंगीत चित्रे आहेत; मात्र तो दस्तऐवज उत्तरकालीन रोमचा आणि त्याच्या आज उपलब्ध प्रती पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या. सीरियातील दुरा-युरोपोस येथे सापडलेली तिसऱ्या शतकातील वक्र आयताकृती ढाल येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. तिच्यावर लाल पार्श्वभूमीवर गरुड आणि सिंह रंगवलेले आहेत. एका ढालीवरून सगळ्या लेजनांचा रंग ठरवणे धाडसाचेच. तरी लाल ढालीवरची पिवळी वीज आज इतकी रूढ आहे की वेगळी ढाल पाहणाऱ्याला चुकीची वाटते.

चिलखताचेही तसेच. पोलादी पट्ट्यांच्या चिलखताचे अवशेष १९६४ साली कॉर्ब्रिज येथे मिळाले आणि त्याची रचना उलगडली. इ. स. ९मधील पराभवाशी जोडल्या जाणाऱ्या काल्क्रीझ येथेही त्याचे भाग सापडले आहेत. सीझरचा काळ त्याहून अर्ध्या शतकाने आधीचा. त्याच्या सैनिकाला कड्यांचेच चिलखत शोभते. तरीही लोकांच्या मनातला ‘रोमन’ पट्ट्यांचेच चिलखत घालतो. चांगले उत्पादक आता हे दोन संच वेगळे विकतात. ही छंदाने इतिहासाला दिलेली खरी दाद आहे.

आपल्याकडचे उदाहरण याहून बोलके आहे. इ. स. पू. ३२६मध्ये अलेक्झांडरशी लढलेल्या पोरसाचे सैन्यही या खेळांत उतरते. त्याचे वर्णन मिळते ते एरियनकडे. तो दुसऱ्या शतकातला आणि निआर्कसच्या आधारे लिहिणारा. माणसाएवढे धनुष्य, ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून ताणणारा पायदळ सैनिक, दोन्ही हातांनी चालवायची रुंद तलवार, शुभ्र वस्त्रे; आणि पांढऱ्या, निळ्या, लाल, जांभळ्या, हिरव्या रंगांत रंगवलेल्या दाढ्या! लेखी पुरावाच मानायचा तर हिरव्या दाढीचा धनुर्धर रंगवायला हवा. पण तसा रंगवला तर पाहणारा हसेल, या भीतीने काळी दाढी रंगवली जाते. पुराव्यापेक्षा सवय मोठी ठरते ती अशी.

दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा असा दावा करीत नाही. त्याच्या भडक रंगाला कोणी पुरावा समजत नाही. प्लास्टिकचा सैनिक मात्र नेमकेपणाचे आश्वासन देऊन विकला जातो, म्हणून त्याला कसोटीही कडक लावावी लागते. डंकन हेड यांच्या ‘आर्मीज ऑफ द मॅसेडोनियन अँड प्युनिक वॉर्स’ (१९८२) या खेळाडूंसाठीच्या पुस्तकात रेखाचित्रांसोबत त्यांचे आधार चर्चिलेले आहेत. चित्रात शंका दाखवता येत नाही, ती शेजारच्या मजकुरात दाखवता येते, हे त्या पुस्तकाने ओळखले होते. संचाच्या खोक्यात ढालीच्या छापील नक्षीबरोबर चार ओळींचा असा कागद घालणे अवघड नाही : ही आकृती स्तंभावरची, हा रंग आमचा. तेवढ्याने खेळाची गंमत कमी होणार नाही, आणि आजचा अंदाज उद्याचा पुरावा होण्याचे टळेल.